नाट्यगीतांतून अर्थशास्त्र : गाणं लक्षात राहतं, संकल्पना राहते का?

पेटची तयारी करणाऱ्यांच्या यादीत एक विषय हल्ली वारंवार दिसतो : अमुक कलेतून तमुक विषयाचं अध्यापन. त्यातलाच एक म्हणजे ‘संगीत नाटकांतल्या पदांमधून अर्थशास्त्रीय संकल्पनांचं अध्यापन’. ऐकायला छान वाटतो. गाईडला आवडतो, आरआरसीत कुणी फारसं अडवत नाही, आणि सिनॉप्सिस लिहिताना किर्लोस्करांपासून सुरुवात करता येते. पण विषय छान वाटणं आणि त्यात प्रश्न असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज या कल्पनेची नीट तपासणी करू. मी संख्याशास्त्राची आहे, नाट्यसमीक्षक नाही. त्यामुळे माझा मुख्य प्रश्न साधा आहे : दावा काय आहे आणि तो कशावरून खरा मानायचा?

आधी दावा. अमेरिकेत मॅथ्यू रूसू या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचं ‘ब्रॉडवे अँड इकॉनॉमिक्स’ हे पुस्तक २०१८ मध्ये आलं. कल्पना सरळ आहे. ब्रॉडवेच्या संगीतिकांमधली गाणी घ्यायची, प्रत्येक गाण्यासमोर एखादी संकल्पना ठेवायची (टंचाई, प्रोत्साहन, संधीखर्च वगैरे), वर्गात गाणं वाजवायचं आणि मग चर्चा करायची. मुलं जागी राहतात, विषय रुक्ष वाटत नाही. हे आपल्याकडे आणायचं तर सामग्रीची कमतरता नाही. १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’पासून धरलं तरी आपल्याकडे जवळजवळ दीडशे वर्षांची संगीत रंगभूमी आहे, आणि तिची पदं आजही गायली जातात.

मग अडचण कुठे आहे? एकेक नाटक घेऊन बघू.

पहिली तपासणी : ‘शारदा’ आणि मागणी-पुरवठा

गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ चं. म्हातारा, श्रीमंत, विधुर भुजंगनाथ. पैशासाठी मुलगी द्यायला तयार असलेला बाप कांचनभट. मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित. वर्गात हे नाटक आणलं की फळ्यावर काय येणार ते सांगायला ज्योतिषी नको : खरेदीदार, विक्रेता, मध्यस्थ, किंमत. मागणीची रेषा खाली उतरणारी, पुरवठ्याची वर चढणारी, दोन्ही मिळतात तिथे समतोल. मुलं हसतील, उदाहरण लक्षात राहील, तास संपेल.

आता त्या आकृतीत शारदा कुठे आहे ते शोधा. ती खरेदीदार नाही. विक्रेताही नाही. ती वस्तू आहे. मागणी-पुरवठ्याच्या आकृतीत वस्तूला मत नसतं, ते असायला जागाच नसते. आणि देवलांचं सगळं नाटक उभं आहे ते नेमकं त्या मतावर. म्हणजे आपण निवडलेली संकल्पना नाटकाचा गाभाच वगळून उरलेलं शिकवते. वर विद्यार्थ्याच्या डोक्यात नकळत एक गोष्ट बसते : किंमत ठरली म्हणजे व्यवहार झाला.

योग्य संकल्पना अर्थशास्त्रातच आहे, फक्त ती पहिल्या वर्षाच्या पुस्तकात सापडत नाही. आल्विन रॉथ यांनी २००७ मध्ये असं मांडलं की काही व्यवहार दोन्ही पक्ष तयार असले तरी समाज होऊ देत नाही, कारण बाकीच्यांना ते घृणास्पद वाटतात. मूत्रपिंडाची विक्री हे त्यांचं नेहमीचं उदाहरण. बाजार कुठे थांबतो, हा अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे असं त्यांचं म्हणणं. (त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं, पण ते मुख्यतः जोड्या जुळवणाऱ्या बाजारांवरच्या कामासाठी.) या चष्म्यातून ‘शारदा’ बघा. भुजंगनाथाचं लग्न मोडतं ते कोदंड सगोत्राचा मुद्दा काढतो म्हणून. मुलगी विकली जाते आहे हे रूढीला चालतं, तिला नको आहे हेही चालतं, पण गोत्र एक आहे म्हटल्यावर व्यवहार थांबतो. कुठला व्यवहार घृणास्पद ठरवायचा हे समाज कसं ठरवतो, यावर एवढं नेमकं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

जाता जाता एक इशारा. या नाटकावर लिहिताना हमखास एक वाक्य भेटतं : ‘या नाटकामुळेच बालविवाहबंदीच्या कायद्याला शारदा कायदा हे नाव पडलं.’ नाही. १९२९ चा तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. नावं जुळतात म्हणून कारण जुळत नाही. सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य गेलं आणि समोर जाणकार परीक्षक बसला असेल, तर पुढची वीस मिनिटं जड जातात.

दुसरी तपासणी : ‘एकच प्याला’ आणि निवडीतली चूक

राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये, गडकरी गेल्यानंतर. व्यसनाचं अर्थशास्त्र शिकवायला याहून चांगलं नाटक नाही, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणते. पण ‘पदांमधून’ शिकवायला ते चांगलं आहे का?

दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, या नाटकातली पदं गडकऱ्यांची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. दोन, पदं कुणाच्या वाट्याला आली ते बघा. सिंधूची भूमिका बालगंधर्वांची, त्यामुळे गाणं सिंधूकडे. सुधाकर केला गणपतराव बोडसांनी, आणि सुधाकर गात नाही. म्हणजे ज्या माणसाचा निर्णय हा नाटकाचा विषय आहे, त्याचं सगळं तर्कट गद्यात आहे. वकिलीची सनद तहकूब होणं, पहिला घोट, सोडण्याची शपथ, ती मोडणं हा सगळा प्रवास गद्यातच होतो. तळीरामाचं आर्यमदिरामंडळ तर गद्याचा खजिना आहे.

आता तुम्ही पद्धतीत लिहिलंत की ‘अभ्यासासाठी फक्त पदांची निवड केली’, तर नमुन्यातून सुधाकर आपोआप गळला. उरली सिंधू, तिची पतिनिष्ठा आणि तिचं सोसणं. यातून निघणारा निष्कर्ष काय असेल? ‘या नाटकात व्यसनाचा घरावरचा परिणाम दिसतो, निर्णयप्रक्रिया दिसत नाही.’ हा निष्कर्ष नाटकाबद्दलचा नाहीच. तो गंधर्व नाटक मंडळीत गाणारं कोण होतं याबद्दलचा आहे. संख्याशास्त्रात याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात, म्हणजे सिलेक्शन बायस. नमुना ज्या कारणाने निवडला गेला त्याच कारणाने उत्तर वाकडं होतं. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण पुस्तकातली उदाहरणं सगळी दवाखान्यातली असतात.

गद्यासकट शिकवलंत तर मात्र नाटक खूप देतं. गॅरी बेकर आणि केविन मर्फी यांनी १९८८ मध्ये मांडणी केली की व्यसनी माणूसही पुढचा विचार करून पितो : आजचा प्याला उद्याची तलफ वाढवणार हे त्याला ठाऊक असतं, तरीही त्याच्या हिशोबात तो परवडतो. याच्या विरुद्ध बाजूला डेव्हिड लायबसन यांची १९९७ ची मांडणी : माणूस ‘आज’ला अवाजवी वजन देतो, म्हणून उद्यापासून सोडतो म्हणणारा माणूस उद्या पुन्हा तेच म्हणतो. सुधाकर यातल्या कुठल्या मांडणीत बसतो? शपथ घेतो आणि मोडतो, हे बघा. ज्याचा हिशोब पक्का आहे त्याला स्वतःला बांधून घ्यायची गरज का पडावी? हा प्रश्न वर्गात टाकला की दोन सिद्धान्तांमधला फरक मुलांना दिसतो. नुसतं ‘या नाटकात व्यसनाचं अर्थशास्त्र आहे’ असं सांगून तो दिसत नाही.

तिसरी तपासणी : ‘संशयकल्लोळ’ आणि चिकटवलेलं लेबल

देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ला (संगीत रूप १९१६) ‘माहितीची असममितता’ हे लेबल लावायचा मोह होतो. फाल्गुनरावाला बायकोचा संशय, कृत्तिकेला नवऱ्याचा, अश्विनशेठला रेवतीचा. कुणालाच खरं माहीत नाही, म्हणून असममितता. पण जॉर्ज अॅकरलॉफ यांच्या १९७० च्या प्रसिद्ध लेखात मुद्दा वेगळा आहे. तिथे जुनी गाडी विकणाऱ्याला गाडी कशी आहे ते माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. चांगली गाडीवाले भाव मिळत नाही म्हणून बाजूला होतात आणि बाजारात खटाराच उरतो. एकाला माहीत आहे, दुसऱ्याला नाही, आणि लपवण्यात फायदा आहे, या तीन अटी त्यात येतात.

फाल्गुनरावाच्या घरात कुणाचा काय फायदा आहे लपवण्यात? पुरावा तर सगळ्यांसमोर आहे. तो वाचण्याची रीत चुकते. मनात आधीच संशय पक्का असेल तर साधी तसबीरसुद्धा पुरावा होते. हा बेझच्या नियमाचा धडा आहे : पूर्वधारणा शंभर टक्के असेल तर नवा पुरावा काहीही बदलू शकत नाही. म्हणजे नाटक उत्तम, संकल्पनाही उत्तम, फक्त त्यांची लग्नगाठ चुकीची. विद्यार्थ्याने परीक्षेत असममिततेला फाल्गुनराव लिहिला, तर चूक त्याची नाही, लेबल लावणाऱ्याची आहे.

चौथी तपासणी : संगीत रंगभूमी कुणाची?

आतापर्यंतची टीका दुरुस्त करता येण्यासारखी होती. संकल्पना बदला, गद्य घ्या, झालं. पुढची अडचण जास्त खोल आहे आणि माझ्या मते या विषयात खरं पणाला लागलेलं तेच आहे.

गाण्यातून का शिकवायचं, या प्रश्नावर नेहमीचं उत्तर असं : विद्यार्थ्याला जे आधीच परिचयाचं आहे त्याच्यावर नवं बसवणं सोपं जातं. ठीक. मग मला सांगा, पाथर्डी किंवा जामखेडच्या महाविद्यालयात एस.वाय.बी.ए.ला बसलेल्या मुलीला भामिनी आणि धैर्यधर परिचयाचे आहेत का? नगर जिल्ह्यातल्या (कागदावर २०२४ पासून अहिल्यानगर, एसटीत अजून नगरच) बहुतेक वर्गांत नाट्यगीत हे आधी शिकवावं लागेल असं साहित्य आहे. राग, पल्लेदार ताना आणि शंभर वर्षांपूर्वीची भाषा या तिन्हींतून वाट काढून मग मागणीच्या लवचिकतेकडे जायचं. म्हणजे ओझं दुप्पट. आणि ज्या चार जणांच्या घरी हे संगीत आहे त्यांना सोपं जाईल, बाकीच्यांना वाटेल की अर्थशास्त्रही त्या चौघांचंच.

आणि गंमत अशी की गाण्याचं नाट्य या जिल्ह्यात भरपूर आहे. पठ्ठे बापूरावांच्या फडात गाजलेली पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावशाची. कांताबाई सातारकरांचं घर संगमनेरलाच होतं. जत्रेतला तमाशा न पाहिलेला मुलगा वर्गात सापडेल, पण तमाशा म्हणजे काय हे माहीत नसलेला सापडणार नाही. तरी सिनॉप्सिसमध्ये ‘संगीत रंगभूमी’ म्हटलं की किर्लोस्कर ते रांगणेकर एवढीच यादी येते. तमाशा ‘लोककला’ या वेगळ्या कपाटात जातो. ही सीमा कुणी आखली, हे तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात यायला हवं.

उदाहरण म्हणून गवळण घ्या. गण झाला की गवळण येते. गवळणी दूध-दही-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, बरोबर मावशी. वाटेत कृष्ण आणि पेंद्या आडवे येतात आणि दाण मागतात, म्हणजे वाटेवरची जकात. मग घासाघीस, थट्टा, सवाल-जवाब. आता पाठ्यपुस्तक उघडा : कराघात, करसंक्रमण, करभार. कर भरतो कोण आणि सोसतो कोण, हा सार्वजनिक आयव्ययातला मूलभूत प्रश्न. गवळणीत तो उभाच आहे.

समजा कृष्णाने घागरीमागे दहा रुपये दाण लावलं. भरलं गवळणीने, म्हणजे कराघात तिच्यावर. पण सोसलं कुणी? मथुरेत तिला भाव दहा रुपयांनी वाढवता आला तर सोसलं मथुरेच्या गिऱ्हाइकाने. नाही वाढवता आला तर तिनेच. कशावर ठरेल? मथुरेला दूध फक्त गोकुळातून येत असेल तर गिऱ्हाईक जाणार कुठे, भाव वाढेल. आजूबाजूच्या दहा गावांतूनही येत असेल, तर गोकुळच्या गवळणीने भाव वाढवला की गिऱ्हाईक पलीकडच्या घागरीकडे वळेल.

आता घागरीत काय आहे ते बघा. दूध असेल तर संध्याकाळपर्यंत विकलंच पाहिजे, नाहीतर नासेल. थांबायची सोय नाही, म्हणजे तिचा पुरवठा त्या दिवसापुरता अगदी ताठर. दाणाचा बहुतेक भार तिच्यावर. लोणी असेल तर थोडं थांबता येईल. तूप असेल तर महिनाभर थांबता येईल, आज भाव नाही मिळाला तर परत घरी. जितकं थांबता येतं तितका भार कमी सोसावा लागतो. दूध, लोणी, तूप : पुरवठ्याच्या लवचिकतेची याहून सोपी पायरी मला कुठल्या पुस्तकात दिसलेली नाही. आणि हे ऐकणारा मुलगा सकाळी संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ लावून दूध घालून आलेला असतो. दूध परत घरी नेता येत नाही म्हणजे काय, हे त्याला आपण सांगायचं नाही. त्यानेच आपल्याला सांगायचं आहे.

एका गवळणीचे दोन अर्थ

इथेच गोष्ट संपत नाही. कीर्तनातून याच प्रसंगाचा दुसरा अर्थ आपल्याकडे रुळलेला आहे : गोकुळातलं दूध-लोणी मथुरेला जातं, कंसाच्या राजधानीचं पोषण होतं आणि गोकुळातली पोरं उपाशी राहतात, म्हणून कृष्ण वाट अडवतो, घागरी फोडतो. या अर्थाने बघितलं तर ती जकात उरत नाही, निर्यातबंदी होते.

दोन्हींत फरक काय? जकातीत माल पुढे जातो आणि वाट अडवणाऱ्याच्या हाती उत्पन्न येतं. बंदीत माल जात नाही, उत्पन्नही येत नाही. गावात माल साठतो, भाव पडतो, गावातल्या पोरांना मिळतं आणि गवळणीचा धंदा बसतो. आठवतंय ना? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. आपल्या जिल्ह्यात कांदा किती घरांत आहे हे सांगायला नको. शहरातल्या गिऱ्हाइकाला दिलासा आणि वखारीवर बसलेल्या शेतकऱ्याला फटका, हे दोन्ही एकाच निर्णयातून आलं. गवळणीत कृष्णाची बाजू घेणारा वर्ग कांद्याच्या वेळी कुणाची बाजू घेईल?

मला वाटतं, चांगलं उदाहरण ओळखायची खूण हीच. एका गाण्यासमोर एक संकल्पना ठेवली की विद्यार्थ्याला करायला काही उरत नाही, तो फक्त लक्षात ठेवतो. एका गाण्यासमोर दोन संकल्पना ठेवल्या की त्याला संहितेकडे परत जावं लागतं : या फडाच्या गवळणीत कृष्ण वाटा मागतो की घागर फोडतो? पुरावा काय? ही सवय लागली तर अर्थशास्त्र थोडं कमी कळलं तरी चालेल, कारण संशोधनाची सुरुवात झालेली असेल.

गाण्यात नसलेलं अर्थशास्त्र

आणखी एक आक्षेप. गाण्याच्या शब्दांत अर्थशास्त्र शोधण्याच्या नादात गाणाऱ्याचं अर्थशास्त्र नजरेआड होतं. नारायणगावला दरवर्षी फडमालकांच्या राहुट्या लागतात. गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे कारभारी तिथे येऊन जत्रेची सुपारी ठरवतात. एक फड एका रात्री एकाच गावात उभा राहू शकतो, आणि चैत्रात बऱ्याच गावांच्या जत्रा एकाच तिथीला येतात. त्या रात्रीचा भाव आणि आडवारच्या रात्रीचा भाव यांत फरक का पडतो, हे कळलं की विमानाच्या तिकिटाचं गणितही कळतं.

त्याच्याही मागे ‘उचल’ आहे. तमाशा कलावंत हंगामाआधी फडमालकाकडून उचल घेतो आणि हंगामभर ती फेडतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या विद्यार्थ्याला हा शब्द शिकवावा लागत नाही, कारण ऊसतोडीला जाणारा कोयता (नवरा-बायको मिळून एक कोयता) मुकादमाकडून तीच उचल घेतो. अर्थशास्त्रात याला एकमेकांत गुंतलेले करार म्हणतात : कर्ज देणारा आणि काम देणारा एकच. अशा करारात व्याज कुठे दिसत नाही, ते मजुरीच्या दरात लपलेलं असतं. म्हणून नुसता व्याजाचा दर विचारला तर उत्तर ‘शून्य’ येतं आणि सर्वेक्षण फसतं. स्टेजवरची लावणी आणि फडातली पाण्याखाली गेलेली अंधारी सरी यांना जोडणारा हा करार कुठल्याही गाण्याच्या बोलांत नसेल, पण गाणं उभं राहतं त्याच्यावर.

संगीत नाटकाचंही तेच. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये दाखवलं की प्रयोगकलांची उत्पादकता वाढत नाही. कारखान्यात तासाला जास्त माल निघू लागतो, पण पद आळवायला १९११ साली जेवढा वेळ आणि जेवढे साथीदार लागायचे तेवढेच आजही लागतात. बाकीच्या क्षेत्रांत मजुरी वाढली की इथेही वाढवावी लागते, आणि खर्च तिकिटाच्या पुढे पळतो. नाटक मंडळ्या बोलपटांपुढे का हरल्या, याचा एक मोठा भाग यात आहे. बोलपट एकदा गायलेलं हजार ठिकाणी विकू शकतो. अर्थशास्त्र शिकवायला ‘मानापमान’चं पद घ्यायचंच असेल, तर मी त्याचे बोल सोडून त्याची लांबी घेईन.

मग संशोधन कसं करायचं?

आता तुमच्या कामाचं. समजा तुम्हाला खरंच हा विषय घ्यायचाय. ‘गाण्यातून शिकवणं परिणामकारक आहे का’ हा प्रश्न अजून प्रश्न झालेला नाही. परिणामकारक म्हणजे कशापेक्षा, आणि कशावर?

एक, कशापेक्षा. नेहमीची मांडणी अशी : ‘अ’ तुकडीला गाण्यातून, ‘ब’ तुकडीला व्याख्यानातून, मग चाचणी. ‘अ’ला जास्त गुण मिळाले, सिद्ध झालं! काहीही सिद्ध झालं नाही. गाण्यासोबत गोष्टही आली, चर्चाही आली, शिक्षकाचा उत्साहही आला. फरक कशाने पडला? म्हणून तिसरा गट हवा : तीच गवळणीची गोष्ट, तीच चर्चा, फक्त गाणं नाही. ‘अ’ आणि या गटात फरक आला नाही, तर काम गोष्टीने केलं, गाण्याने नाही. माझा अंदाज विचाराल तर बहुतेक तसंच निघेल. पण अंदाज म्हणजे निष्कर्ष नव्हे.

दोन, एकक. साठ-साठ मुलांच्या दोन तुकड्या घेतल्या म्हणून नमुना एकशेवीसचा होत नाही. पद्धत तुकडीला दिली आहे, मुलाला नाही, म्हणून नमुना आहे दोनचा. एका तुकडीचा तास सकाळी आठला आणि दुसरीचा जेवणानंतर असेल, तर तुम्ही कदाचित जेवणाचा परिणाम मोजलाय. शक्य असेल तर मुलांनाच चिठ्ठ्या टाकून गटांत वाटा. नसेल तर अनेक महाविद्यालयं घ्या आणि विश्लेषण तुकडीच्या पातळीवर करा.

तीन, कशावर. तासानंतर लगेच घेतलेली चाचणी आठवण मोजते, आणि गाणं आठवतंच. सहा आठवड्यांनी पुन्हा घ्या. आणि प्रश्न गवळणीबाहेरचा घाला. उदाहरणार्थ : २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. पट्टीतून आडतीची कपात गेली, म्हणजे शेतकऱ्याला तेवढेच पैसे जास्त मिळाले का? ज्याला दाण आणि दूध-तुपाचा हिशोब खरंच कळलाय तो म्हणेल : थांबा, कायद्याने कुणावर टाकलं यावरून सोसतो कोण ते ठरत नाही. खरेदीदार बोलीच कमी लावू शकतो. माल टोमॅटो आहे की कांदा, तो किती दिवस टिकतो, आधी ते सांगा. ज्याला फक्त गाणं लक्षात आहे तो म्हणेल : हो, मिळाले. या दोन उत्तरांमधलं अंतर मोजणं, हे तुमचं संशोधन.

माझं मत असं. नाट्यगीतांची यादी करून प्रत्येकासमोर संकल्पना लिहिणं हे संकलन आहे, ते उपयोगी असेल, पण त्यावर पीएच.डी. मागू नका. ‘शारदा’ घ्या, पण बाजाराची मर्यादा शिकवायला. ‘एकच प्याला’ घ्या, पण सुधाकरासकट. ‘संशयकल्लोळ’ संख्याशास्त्राच्या तासाला द्या, आम्ही सांभाळू. आणि नगर जिल्ह्यात शिकवणार असाल तर गवळणीपासून सुरुवात करा. ज्या मुलीच्या घरातला कोयता दसऱ्यानंतर बाहेर पडतो, तिला अर्थशास्त्राने तिच्या घराबद्दल एक तरी खरा प्रश्न विचारायला शिकवलं पाहिजे. तेवढं झालं तर गाणं तिच्या लक्षात राहिलं की नाही, याने काही बिघडत नाही.